शब्दसंस्करणातील पार्श्वप्रक्रिया

शब्दसंस्करणातील पार्श्वप्रक्रिया : संगणकावर मजकूर लिहिणे, सुधारणे, मांडणे व छापणे यांसाठी जी आज्ञावली वापरतात, तीस शब्दसंस्कारक म्हणतात. लिहिणाऱ्यास पडद्यावर कोरे पान, लुकलुकणारा दर्शक व उमटत जाणारी अक्षरे एवढेच दिसते. तथापि त्याच वेळी लेखकाने सांगितलेली नसलेली अनेक कामे संगणकात चालू असतात. शुद्धलेखन तपासले जाते, मजकुराची प्रत ठराविक काळाने राखून ठेवली जाते, कळांचे अक्षरांत व अक्षरांचे आकृतींत रूपांतर होते, छपाईची रांग लावली जाते आणि फाइलीच्या पोटात लेखकाचे नाव व वेळ यांची नोंद होते. पडद्यावर न दिसता चालणाऱ्या या कामांना पार्श्वप्रक्रिया असे म्हणतात. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : (१) शब्दसंस्कारकाच्या स्वतःच्या प्रक्रियेत समांतर चालणारे कार्यधागे, (२) त्याने स्वतंत्रपणे सुरू केलेल्या दुय्यम आज्ञावली आणि (३) परिचालन प्रणालीच्या आधीपासून चालू असलेल्या व शब्दसंस्कारकाने उपयोगात आणलेल्या सेवा.

या प्रक्रियांचा इतिहास हा संगणकविद्येचा एक भाग असला, तरी मराठीच्या दृष्टीने त्यास वेगळे महत्त्व आहे. रोमन लिपीत कळ व अक्षर यांचे नाते बहुतांशी एकास एक असते. देवनागरीत ते तसे नसल्यामुळे मराठी मजकूर संगणकावर मुळात उमटतो तोच अशा एखाद्या अदृश्य प्रक्रियेच्या मदतीने.

पूर्वपीठिका : लेखनामागे दुसऱ्या कोणाचे तरी काम असणे ही गोष्ट नवी नाही. आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये भावार्थदीपिका सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा मानते. लेखनिकाचे नाव ग्रंथाच्या अखेरीस नोंदलेले आहे. पुढील तीन शतकांत हस्तलिखितांच्या नकला होत असताना पाठभेद शिरले आणि पैठणच्या एकनाथांना शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करावी लागली. लेखक व वाचक यांच्यामध्ये जो कोणी असतो, तो मजकूर वाहून नेतो आणि कळत-नकळत बदलतोही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

मुद्रणकलेच्या आगमनानंतर हे काम खिळे जुळविणारा जुळारी व मुद्रितशोधक यांच्याकडे आले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे आपले केंद्र सुरू केले आणि जून १८४२ मध्ये तेथूनच ज्ञानोदय हे नियतकालिक निघाले. त्या काळच्या देवनागरी जुळणीत जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, वेलांट्या व रफार यांसाठी शेकडो निरनिराळे खिळे लागत. कोणता खिळा कोठे बसवावयाचा, हा निर्णय जुळाऱ्याच्या बोटांत असे. वाचकास तो दिसत नसे, पण छापखान्यात जाऊन तो पाहता येई आणि चुकीचा जाबही विचारता येई.

टंकलेखन यंत्रात ही मधली पायरी जवळजवळ नाहीशी झाली. मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले व पुढे देवनागरी यंत्रेही कचेऱ्यांत रुळली. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर शासकीय व्यवहारात मराठीचा वापर वाढत गेला, तसे मराठी टंकलेखकांचे महत्त्वही वाढले. या यंत्रात कळ दाबताच त्या कळीवरील आकृती कागदावर उमटे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी दाबावयाची व अक्षर नंतर, असा क्रम होता. दिसण्याचा क्रम तोच टंकनाचा क्रम, हा टंकलेखकाच्या हाताला जडलेला नियम पुढे संगणकावर मोठ्या गोंधळाचे कारण ठरला.

छपाईची रांग : शब्दसंस्करण ही संज्ञा आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारे टंकलेखन यंत्र विक्रीस आणल्यानंतर प्रचारात आली. पार्श्वप्रक्रियेची कल्पना मात्र मोठ्या संगणकांच्या क्षेत्रात त्याआधीच जन्मली होती. मुद्रकाचा वेग संगणकाच्या वेगाच्या मानाने अतिशय मंद असल्यामुळे छपाई होईपर्यंत महागडा संगणक रिकामा बसून राही. यावर उपाय म्हणून छापावयाचा मजकूर आधी फितीवर वा तबकडीवर उतरवून ठेवावयाचा व मुद्रकास तो सवडीने पुरवावयाचा, अशी योजना करण्यात आली. हीच स्पूलिंग पद्धती होय.

लहान संगणकांवर ही सोय शब्दसंस्कारकांबरोबर आली. १९७८-७९ च्या सुमारास निघालेल्या वर्डस्टार या आज्ञावलीत एक दस्तऐवज छापला जात असताना दुसऱ्यावर काम करता येत असे. संगणकात एकच प्रक्रियक होता. तो कळांच्या दोन दाबांमधील मोकळ्या क्षणांत मुद्रकाकडे थोडा थोडा मजकूर पाठवी. १९८३ च्या एमएस-डॉस प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत छपाईची आज्ञा अशीच स्मृतीत मागे राहून काम करू लागली. आजही छपाईची आज्ञा दिल्यावर शब्दसंस्कारक स्वतः मुद्रकाशी बोलत नाही. तो मजकूर परिचालन प्रणालीच्या छपाई-रांगेच्या सेवेकडे सोपवितो. त्यामुळे दस्तऐवज बंद केला तरी छपाई चालू राहते आणि रांगेत अडकलेले एखादे काम पुढील सर्वांची वाट अडवून बसते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही जुने पान बाहेर पडते, त्याचे कारण रांगेची नोंद तबकडीवर शिल्लक असते हे होय. ही सेवा प्रणालीच्या मोठ्या अधिकारांनिशी चालत असल्यामुळे तिच्यातील दोष धोक्याचा ठरतो. २०२१ मध्ये विंडोज प्रणालीच्या छपाई-सेवेत आढळलेला व प्रिंटनाइटमेअर या नावाने ओळखला गेलेला दोष असाच होता.

स्मृतिनिवासी आज्ञावली व मराठी : डॉस प्रणालीत एका वेळी एकच आज्ञावली चालत असे. तथापि एखाद्या आज्ञावलीने काम संपल्याचे सांगून स्मृतीतील जागा न सोडण्याची युक्ती उपलब्ध होती. अशी आज्ञावली कळफलकाकडून येणारा संकेत वाटेतच अडवी, ठराविक कळ दाबली गेल्यास जागी होई, अन्यथा तो संकेत पुढे जाऊ देई. कामासाठी असलेली ६४० किलोबाइट एवढी तुटपुंजी स्मृती अशा अनेक आज्ञावलींमध्ये वाटली गेली की त्यांचे आपसांत खटके उडत व संगणक निश्चल होई.

भारतीय लिपींचा संगणकावरील प्रवेश याच मार्गाने झाला. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेले जिस्ट तंत्र १९८० नंतरच्या दशकात पुढे आले. १९८८ मध्ये पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाल्यावर ते काम तेथे गेले. जिस्ट कार्ड हे संगणकाच्या आत बसवावयाचे साधन होते. मूळ इंग्रजी आज्ञावलीत काहीही बदल न करता ते कळफलक व पडदा यांच्या मध्ये उभे राही आणि त्याच आज्ञावलीत देवनागरी मजकूर लिहिणे शक्य करी. शब्दसंस्कारकास आपण मराठी हाताळीत आहोत याची जाणीवच नसे.

याच काळात दोन मानके तयार झाली. इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ मध्ये प्रमाणित झाला व इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. इस्कीचे तत्त्व असे, की संगणकाने अक्षरे उच्चारक्रमाने साठवावीत आणि त्यांची आकृती दाखविताना ठरवावी. मजकूर व त्याचे दर्शन यांची ही फारकत भारतीय लिपींच्या संगणकीकरणातील मूलभूत कल्पना होय. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक प्रणालीतील देवनागरीची मांडणीही इस्कीवरच आधारलेली आहे.

आकृतिसंकेतांचे दशक : १९९० नंतर विंडोज प्रणालीचा प्रसार झाला, पण तीत देवनागरीची सोय नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले टंक तयार केले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्री-लिपी, बंगलोरच्या सायबरस्केप कंपनीची आकृती व सी-डॅकची आयएसएम ही त्यांपैकी विशेष प्रचारातील साधने होत. प्रत्येकाबरोबर कळफलक हाताळणारी एक लहान आज्ञावली येई. पडद्याच्या कोपऱ्यातील एका चित्रापलीकडे तिचे अस्तित्व जाणवत नसे. लेखकाने दाबलेली कळ ती अडवी व तिच्याऐवजी टंकातील योग्य त्या तुकड्यांचे संकेत शब्दसंस्कारकाकडे पाठवी.

वर्तमानपत्रे, छापखाने व शासकीय कचेऱ्या यांचे काम या साधनांमुळे सुकर झाले, हे निर्विवाद आहे. अनेक वर्षे मराठीचे संगणकीय लेखन त्यांच्याच बळावर चालले. तथापि फाइलीत जे साठत होते ते मराठी अक्षरांचे संकेत नव्हते. ते इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचे संकेत होते आणि विशिष्ट टंकाचा चष्मा लावल्यावरच मराठी दिसत. तो टंक नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडल्यास अर्थहीन रोमन चिन्हे दिसत. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी निराळी असल्यामुळे एका टंकातील मजकूर दुसऱ्यात वाचता येत नसे. शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे, शुद्धलेखन तपासणे यांपैकी काहीही नीट होत नसे. कागदावर छापलेले पान निर्दोष असे, म्हणून ही उणीव दीर्घकाळ ध्यानात आली नाही. त्या काळातील पुष्कळसा मराठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज निरुपयोगी ठरतो. रूपांतर करताना टंकाची अचूक ओळख पटली नाही, तर चुका शिरतात. हस्तलिखितांच्या नकलांत जसे पाठभेद शिरत, तसाच हा प्रकार आहे.

दर्शनामागील प्रक्रिया : विंडोज २००० या प्रणालीत मराठीसह काही भारतीय भाषांना प्रथमच अंगभूत आधार मिळाला. तीत युनिस्क्राइब नावाचा लिपिसंस्कारक व मंगल हा देवनागरी टंक समाविष्ट होता. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येही ही सोय नियंत्रण-पटलातून मुद्दाम चालू करावी लागे. ती चालू नसल्यास वेलांट्या भलत्या ठिकाणी पडत आणि जोडाक्षरे फुटत. साठविलेला मजकूर बिनचूक असे, पण तो दाखविणारी प्रक्रिया झोपलेली असे.

या प्रक्रियेचे काम शिर्डी या गावाच्या नावावरून समजून घेता येईल. हे नाव संगणकात सहा संकेतांनी साठविले जाते : श, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्तचिन्ह, ड व दीर्घ वेलांटी. हा उच्चारक्रम आहे. लिपिसंस्कारक प्रथम या सहा संकेतांची दोन अक्षरगटांत विभागणी करतो. पहिल्या गटातील ऱ्हस्व वेलांटी तो श च्या डावीकडे नेतो. दुसऱ्या गटाच्या आरंभी र व हलन्तचिन्ह आढळल्यामुळे त्यांचा रफार करून तो गटाच्या शेवटी, दीर्घ वेलांटीच्या माथ्यावर ठेवतो. त्यानंतर टंकातील कोष्टके पाहून योग्य आकृती निवडतो व त्यांची उंची-रुंदी जुळवितो. जुना जुळारी जे बोटांनी करीत असे, तेच येथे प्रत्येक कळीनंतर नव्याने केले जाते. टंकलेखनाच्या जुन्या क्रमाची सवय असलेल्यांसाठी जे कळफलक युनिकोडवर तयार झाले, त्यांत आणखी एक पार्श्वप्रक्रिया लागते. आधी दाबलेली ऱ्हस्व वेलांटी ती राखून ठेवते आणि व्यंजन आल्यावर दोहोंचा क्रम उलटा करून पुढे पाठविते.

मराठीतील अर्ध्या र च्या दोन रूपांमुळे येथे एक विशेष अडचण उद्भवते. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील र आडवा लिहिला जातो, तर ‘सूर्य’ या शब्दात त्याचा रफार होतो. र, हलन्तचिन्ह व य असे साधे संकेत दिल्यास लिपिसंस्कारक नेहमी रफारच काढतो आणि ‘शेतकर्यांचा’ असे चुकीचे रूप उमटते. आडवा र मिळविण्यासाठी युनिकोडमध्ये निराळा संकेत आहे. शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तोच परिणाम साधता येतो. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, परंतु साध्या शोधात संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न ठरू शकतात. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही.

अक्षरलेखनास मदत करणारी सीटीएफमॉन ही आज्ञावली २००१ मधील ऑफिस एक्सपीबरोबर आली. शब्दसंस्कारक बंद केल्यावरही ती चालू राही, त्यामुळे अनेकांना ती उपद्रवी वाटली आणि ती काढून टाकण्याचे सल्ले प्रचलित झाले. इंग्रजीपुरते काम करणाऱ्यास तिच्या अभावी विशेष फरक जाणवत नसे. मराठी लिहिणाऱ्याचा मात्र भाषा बदलण्याचा मार्गच तीमुळे बंद होण्याचा संभव असे.

तपासणी, जतन व अनुक्रमणी : १९९५ च्या विंडोज ९५ प्रणालीत प्रक्रियकाचा वेळ अनेक कार्यधाग्यांत वाटून देण्याचा अधिकार परिचालन प्रणालीकडे आला. त्याच वर्षीच्या मायक्रोसॉफ्ट वर्डच्या आवृत्तीत, लेखन चालू असतानाच चुकीच्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ ओढणारी तपासणी सुरू झाली. तत्पूर्वी शुद्धलेखन तपासण्याची आज्ञा लेखकास स्वतः द्यावी लागे. मराठीत ही तपासणी अधिक अवघड आहे. ‘घर’ या एका शब्दापासून घरात, घराला, घरापासून, घरांमधून अशी असंख्य रूपे होतात व सामान्यरूपात मूळ शब्दही बदलतो. हंगेरियन भाषेच्या गरजेतून निर्माण झालेली हनस्पेल ही तपासणी-प्रणाली प्रत्ययांचे नियम हाताळू शकते, म्हणून मुक्त आज्ञावलींत मराठीसाठी तिचा उपयोग केला जातो. एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मराठीची तपासणी-साधने बसविलेली नसल्यास शब्दसंस्कारक तो मजकूर न तपासताच सोडतो. रेघ न दिसणे म्हणजे मजकूर शुद्ध असणे असे नव्हे.

वीज गेल्यास मजकूर वाया जाऊ नये म्हणून शब्दसंस्कारक ठराविक काळाने, वर्डमध्ये साधारणतः दर दहा मिनिटांनी, एक स्वतंत्र प्रत तयार करतो. तसेच उघडलेल्या फाइलीशेजारी तरंगचिन्ह व डॉलरचिन्ह यांनी सुरू होणारी एक लहान गुप्त फाइल निर्माण होते व तीत ती उघडणाऱ्याचे नाव असते. शब्दसंस्कारक अकस्मात बंद पडल्यास ही फाइल मागे राहते आणि ‘दस्तऐवज दुसऱ्याच्या वापरात आहे’ अशी सूचना मिळते. अन्य एखाद्या आज्ञावलीने वर्डला पडद्यावर न आणता कामास लावले असेल व ते काम अर्धवट राहिले असेल, तरीही अशीच सूचना मिळते. अशा वेळी वर्डची अदृश्य प्रक्रिया चालूच असते.

काही प्रक्रिया शब्दसंस्कारक सुरू होण्यापूर्वीच काम करतात. १९९५ व १९९७ च्या ऑफिस संचांतील फाइंड फास्ट ही आज्ञावली तबकडीवरील दस्तऐवजांची अनुक्रमणी तयार करीत असे आणि त्यामुळे संगणक मंदावत असे. ओपनऑफिस व २०१० मध्ये त्यापासून निघालेले लिबरऑफिस यांत संच लवकर उघडावा म्हणून त्याचे काही भाग आधीच स्मृतीत आणून ठेवण्याची सोय होती. अलीकडील संचांत अद्ययावतीकरण, दूरच्या संगणकावरील साठवण व शब्दांचे अनुमान यांसाठी निरनिराळ्या सेवा चालतात. त्यांपैकी काहींचे काम लेखकाच्या संगणकावर न होता अन्यत्र होते, त्यामुळे मजकूर कोठे जातो हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला आहे.

गुप्त नोंदी व अपप्रयोग : पार्श्वप्रक्रियांचा सर्वांत गंभीर परिणाम फाइलीत मागे राहणाऱ्या नोंदींमध्ये दिसून येतो. वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत जलद जतन करण्याची एक सोय होती. तीत संपूर्ण फाइल नव्याने न लिहिता केवळ बदल शेवटी जोडले जात. परिणामी लेखकाने खोडलेला मजकूर फाइलीत तसाच राही व साध्या साधनांनी वाचता येई. पुढे ही सोय वगळण्यात आली. १९९९ मध्ये असे उघडकीस आले, की ऑफिस ९७ च्या दस्तऐवजांत संगणकाच्या जाल-कार्डाच्या क्रमांकावरून बनविलेला एक ओळखक्रमांक नोंदविला जात होता. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश शासनाने इराकविषयीचा एक अहवाल वर्डच्या स्वरूपात जालावर प्रसिद्ध केला. त्याच्या अंतर्गत नोंदींतून तो शेवटच्या टप्प्यात कोणाकोणाच्या हातून गेला, हे जगजाहीर झाले.

शब्दसंस्कारकातील स्वयंचलित आज्ञासंच, म्हणजे मॅक्रो, यांचाही गैरवापर झाला. १९९५ मधील कन्सेप्ट हा विषाणू दस्तऐवज उघडताच वर्डच्या मूळ नमुना-फाइलीत शिरे. ती फाइल प्रत्येक वेळी उघडली जात असल्यामुळे पुढील सर्व दस्तऐवज बाधित होत. मार्च १९९९ मधील मेलिसा हा विषाणू लेखकाच्या पत्तेवहीतील पहिल्या पन्नास जणांना स्वतःची प्रत पाठवी. दस्तऐवज हा केवळ वाचावयाचा मजकूर असतो, ही समजूत या घटनांनी खोटी ठरविली. २०१० च्या वर्डमध्ये बाहेरून आलेला दस्तऐवज मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या प्रक्रियेत उघडण्याची पद्धत आली. २०२२ पासून जालावरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखले जाऊ लागले. येथे पार्श्वप्रक्रिया हीच संरक्षणाची भिंत बनली आहे.

अभिलेख व स्थलनामे : या सर्व बाबींचा सामान्य नागरिकाशी येणारा संबंध शासकीय अभिलेखांत स्पष्ट होतो. महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यांचे संगणकीकरण होऊन २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. उताऱ्यावरील खातेदाराचे नाव कागदावर कसे दिसते याइतकेच ते कोणत्या संकेतांनी साठविले आहे, हेही महत्त्वाचे असते. एकाच नावाची दोन निराळी संकेतरूपे असल्यास शोधात एक सापडते व दुसरे निसटते.

अहमदनगर जिल्ह्याच्या नामांतराच्या संदर्भात हे तत्त्व चांगले स्पष्ट होते. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकर यांचे जन्मस्थान. त्यांच्या स्मरणार्थ जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली व ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अधिकृत झाले. अशा वेळी शब्दसंस्कारकातील ‘शोधा व बदला’ ही आज्ञा सोयीची वाटते. परंतु ती दर्शनी मजकुरापलीकडे सर्वत्र पोहोचतेच असे नाही. नमुना-फाइली, आपोआप भरली जाणारी वाक्ये, शब्दकोशाच्या याद्या व फाइलीचे गुणधर्म यांत जुने नाव शिल्लक राहते व पुढील दस्तऐवजांत पुन्हा उमटते. जुन्या आकृतिसंकेतांतील फाइलींत तर हे नाव युनिकोडच्या शोधास सापडतच नाही. याउलट ही आज्ञा सरसकट चालविल्यास १४९० मध्ये स्थापन झालेली अहमदनगरची निजामशाही ‘अहिल्यानगरची निजामशाही’ होईल आणि जुन्या खरेदीखतातील किंवा निवाड्यातील शब्द मूळ कागदाशी जुळणार नाहीत. व्यवहारातील नाव बदलणे व पुराव्यातील नाव जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यांतील भेद यंत्रास कळत नाही. तो माणसालाच करावा लागतो.

ओळख व काळजी : चालू प्रक्रियांची यादी परिचालन प्रणालीच्या कार्यव्यवस्थापकात पाहता येते. अपरिचित नाव दिसताच ती प्रक्रिया बंद करणे योग्य नसते. ती कोणत्या आज्ञावलीने सुरू केली, तिची फाइल तबकडीवर कोणत्या ठिकाणी आहे व तीवर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी आहे काय, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. घातक आज्ञावली पुष्कळदा परिचित नावे धारण करतात, म्हणून केवळ नावावर विसंबू नये. दस्तऐवज बाहेर पाठविण्यापूर्वी त्यातील गुणधर्म, सुधारणांच्या खुणा व टिपा तपासून काढून टाकाव्यात. दीर्घकाळ टिकवावयाचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये व ज्याची रचना प्रसिद्ध आहे अशा स्वरूपात ठेवावा. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले मुक्त दस्तऐवज स्वरूप व २००७ पासून वर्डमध्ये रूढ झालेले नवे स्वरूप ही दोन्ही अशी आहेत. त्यांतील फाइल ही वस्तुतः अनेक लहान मजकूर-फाइलींचे गाठोडे असते व ती मूळ आज्ञावलीवाचूनही उलगडता येते.

जुळारी व मुद्रितशोधक यांचे श्रम संगणकाने बहुतांशी आपल्याकडे घेतले. चुकीचा जाब विचारण्याची सोय मात्र त्यांच्याबरोबर आपोआप आली नाही. पार्श्वप्रक्रिया समजून घेण्याचे प्रयोजन हेच आहे : मजकूर आपल्या हातून सुटल्यावर वाचकापर्यंत कोणकोणत्या वाटांनी जातो आणि वाटेत त्याचे काय होते, हे लेखकास व नागरिकास ठाऊक असावे.